बबनरावांची निळी

भाटघरला मी खोली घेतली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारच्या दाराला एक माणूस बाहेरून कुलूप घालताना दिसला. कुलूप घालता घालता तो दाराच्या फटीशी तोंड नेऊन आत कुणाला तरी सांगत होता, "दादा, दळण टाकून आलोच. तवर वाईच बसा." आतून उत्तर आलं नाही. त्यानं कुलूप एकदा ओढून पाहिलं, ओळख नसतानाही माझ्याकडे बघून मान लववली आणि डबा डोक्यावर घेऊन झपाझप निघून गेला. आत कुणीतरी जमिनीवर हात थोपटत होतं, तेवढा आवाज येत राहिला. जिवंत माणसाला कोंडून जाणाऱ्याच्या शेजारी आपण राहायला आलो, या विचारानं त्या दिवशी माझं वर्गात लक्ष लागलं नाही.

भोरला एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवत असे. भाटघरला राहिलो सात वर्षं, आणि ती सातही वर्षं बबनराव माझे शेजारी होते.

आतला माणूस म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, किसनदादा. लहानपणी कसलासा मोठा ताप आला आणि त्यात त्यांची समज जागच्या जागी थांबली, असं गावात सांगत. अंगानं धिप्पाड, डोकीचे केस पांढरे झालेले, बोलणं दोन-चार शब्दांचं. त्रास कुणाला काडीचा नाही. फक्त दार उघडं दिसलं की उठायचे आणि सरळ धरणाच्या पाण्याकडे चालू लागायचे. कुणी अडवलं तर म्हणायचे, "पल्याड जायाचंय." पल्याड काय आहे ते त्यांनाच ठाऊक. दोनदा लोकांनी त्यांना गळ्याएवढ्या पाण्यातून ओढून काढलं होतं. दुसऱ्या वेळेनंतर दाराला कुलूप आलं.

आई होती तोवर ती सांभाळत होती. बबनराव तेव्हा वरव्याजवळच्या एका कंपनीत कामाला होते आणि कायम झाल्याचं पत्र नुकतंच हातात पडलं होतं. आई गेली, त्यानंतर महिनाभरात त्यांनी ती नोकरी सोडली. मी राहायला गेलो तेव्हा त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली होती. त्या एकोणीस वर्षांत बबनराव एक रात्र बाहेर झोपले नव्हते.

त्यांच्या सगळ्या आयुष्याला पाऊण तासाचं माप होतं. किसनदादा कोंडलेल्या घरात पाऊण तास शांत बसत. मग उठून दारावर धडका देत, आणि कपाळ फुटेपर्यंत देत. म्हणून बबनरावांची दुनिया पाऊण तासात जाऊन येता येईल एवढीच. गिरणी, रेशनचं दुकान, विहार, कुणाच्या लग्नात पहिली पंगत. भोर आमच्यापासून एसटीनं जेमतेम वीस मिनिटांवर, पण गाडीची वाट बघणं धरलं तर दीड तास जाई, म्हणून भोरही त्यांना लांब. घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही. गप्पा मारता मारता मधेच उठत, "चला, झालं," म्हणत, आणि ते घराशी पोचेपर्यंत आतला हात थोपटण्याचा आवाज नुकता थांबलेला असे. मला त्याची नंतर नंतर भीती वाटू लागली. एवढं अचूक माप माणसाच्या अंगात मुरायला काय काय व्हावं लागत असेल.

आणखी एक सवय. भावाला ते चुकूनही अरेतुरे करत नसत. न्हाऊ घालताना, घास भरवताना, ओले कपडे बदलताना, "दादा, हात वर करा," "दादा, तोंड उघडा जरा." दादांना त्यातलं काही कळत होतं की नाही, कोण जाणे.

या पाऊण तासाच्या माणसानं परसात कोंबड्या पाळल्या होत्या. पाळलेल्या सगळ्यांनीच असतात, पण बबनराव अंड्यासाठी किंवा मटणासाठी पाळत नव्हते. त्यांना रंग हवा होता. पाटीवर ओलं फडकं फिरवल्यावर ती वाळण्याआधी जशी दिसते, तसा निळसर राखी, आणि प्रत्येक पिसाच्या कडेला बारीक काळी रेघ. अशा कोंबडीला ते 'निळी' म्हणत. उन्हात ती चालू लागली की मानेपासून शेपटीपर्यंत तो रंग हलायचा. मी त्याआधी कोंबडीकडे थांबून बघितलेलं नव्हतं.

पहिली निळी कुठून आली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरी सुटली त्याच सुमाराला वेल्ह्याकडची एक मुलगी त्यांना सांगून आली होती. आत्तेभावाला दादांपाशी बसवून ते बघायला गेले. मुलगी त्यांना आवडली. चहा झाल्यावर तिनं बापासमोरच विचारलं, की दाराला कुलूप किती दिवस राहणार. बबनरावांनी खरं ते सांगितलं. तीही स्पष्टच बोलली, की मला मग त्या दाराच्या कोणत्या बाजूला ठेवणार तुम्ही.

"लई शानी व्हती," बबनराव मला म्हणाले. "तिचं काय चुकलं न्हाई."

परत येताना वेल्ह्याच्या बाजारात एक म्हातारी टोपलीत एकच निळसर तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, घेऊन बसली होती. रिकाम्या हातानं घरी कसं जायचं, म्हणून त्यांनी ती घेतली. त्यानंतर ते वेल्ह्याला कधी गेले नाहीत.

त्या निळीला गावातला काळा कोंबडा लावला. अर्धी पिल्लं निळी झाली, अर्धी काळी. बबनरावांनी काळी वाटून टाकली आणि पुढच्या खेपेला निळ्यालाच निळी लावली. आता सगळं निळंच निघणार, या हिशेबानं ते एकवीस दिवस थांबले. त्यात पुन्हा काळी निघाली, आणि वर नवीनच, मळकट पांढरी, अंगावर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखी. ती तर त्यांना डोळ्यांसमोर नको झाली. तेव्हापासून त्यांचा एकच उद्योग. उत्तमातले उत्तम निळे निवडायचे, काळे-पांढरे कुणाला तरी देऊन टाकायचे, आणि पुन्हा खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची. एकाच रक्ताची पिल्लं मरतुकडी निघायला लागली की शिवऱ्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून काळा कोंबडा मागवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. "रंग धरंना, सर," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कामावर धाकटा भाऊ टिकत नसावा तशा सुरात म्हणायचे. "पर आता जवळ आलंया. अजून दोन खेपा बघू."

निवडण्याची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. तीन महिन्यांच्या पिल्लाला काखेत घेऊन ते उन्हाकडे पाठ करून बसत, पंख पसरून एकेक पीस दोन बोटांत चाळत, आणि एवढा वेळ घेत की पिल्लू डोळे मिटून झोपी जाई. शेवटी मानेखालचं एक पीस उपटून घेत. कंपनी सोडताना तिथल्या ऑफिसातून मागून आणलेली टेलिफोनची एक जाडजूड जुनी डिरेक्टरी त्यांच्याकडे होती. तिच्या एकेका पानावर एकेका खेपेतली पिसं खळीनं चिकटवलेली असत.

ती डिरेक्टरी त्यांनी मला दाखवली तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत. मी ओट्यावर बसून नुसती पानं उलटत होतो. एका पानावर चार निळी, दोन काळी, दोन पांढरी. पुढच्या पानावर पाच निळी, दोन काळी, तीन पांढरी. पुढे पुन्हा चार, दोन, दोन. माझा हात थांबला. मी मागची पानं बघितली, अगदी पुढची बघितली. बाहेरचा काळा कोंबडा आणलेल्या खेपा सोडल्या, तर थोडं इकडेतिकडे, पण सगळीकडे तेच. निम्मी निळी, पावभाग काळी, पावभाग पांढरी. तिसऱ्या खेपेत जे होतं तेच कालच्या खेपेत.

हे मी दरवर्षी दहावीच्या मुलांना फळ्यावर शिकवत होतो. आई-बाप एका रंगाचे असूनही पोरांत तीन रंग का येतात, त्याचा तक्ता मुलं पाठ करत आणि परीक्षेत मार्क मिळवत. आणि माझ्या भिंतीला लागून असलेल्या परसात एक माणूस इतकी वर्षं तो तक्ता पिसांनी भरत बसला होता. निळा हा मुळात काळाच असतो. रंग पातळ करणारा एक गुण आई किंवा बाप, कुणा एकाकडूनच आला, की काळ्याचा निळा होतो. दोघांकडून आला की रंग पार उडून जातो. निळ्याला निळा लावून सगळी निळी पिल्लं कधीच निघणार नव्हती. बबनरावांनी आणखी शंभर खेपा केल्या असत्या तरी नाही.

मी डिरेक्टरी मिटली आणि चांगली आहे म्हणालो.

मी त्यांना सांगितलं नाही. बाकी सगळी दारं बंद असलेल्या माणसाचं हे एकच दार उघडं होतं, तेही भिंतीवर रंगवलेलं आहे, हे आपण कशाला सांगायचं, असं मी मनाशी म्हणत राहिलो. त्यात थोडी दया होती, पण बराचसा भित्रेपणा होता. होळीपर्यंत मी गप्प बसलो. होळीनंतर नवी खेप फुटली, त्यात पुन्हा चार काळी आणि तीन पांढरी निघाली, आणि बबनराव पिल्लांच्या टोपलीपाशी बसून मला म्हणाले, की माझ्याच हाताला काहीतरी हाय, सर. मग मात्र मला राहवेना. मी मातीत काडीनं चौकट काढली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग चौकटीकडे बघत विचारलं, "म्हंजे कितीबी वर्सं केलं तरी?"

"हो."

"तुमास्नी हे कवा कळलं?"

"दिवाळीत. पिसं बघितली तेव्हा."

त्यांनी काडी उचलून चौकटीची एक रेघ पुन्हा ओढली. मग म्हणाले, "तवाच सांगायचं व्हतं."

एवढंच. आवाज चढला नाही, पण त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी शाळेतून आलो की परसात जाळीच्या आड त्यांची पाठ दिसायची.

नवव्या दिवशी ते आपणहून आले. चौकटीत जे आणखी एक घर होतं, ते त्यांना पुन्हा ऐकायचं होतं. काळा आणि मळका पांढरा एकत्र केला, तर सगळीच्या सगळी पिल्लं निळी निघतात. एकही चुकत नाही. मी ते सांगितलं तेव्हा त्यांच्या कानात शिरलं नव्हतं. आता त्यांनी ऐकलं आणि डोक्याला हात लावून बसले. इतकी वर्षं त्यांनी काळे वाटले, पांढरे वाटले, आणि निळे तेवढे जपले होते.

अंड्यावर आलेली पांढरी मात्र घरात एकच शिल्लक होती. ती किसनदादांची. लहान पिल्लू असताना त्यांनी ती सदऱ्यात घातली होती आणि कुणाला काढू दिली नव्हती. कुलूप लागलं की ते आत तिच्याशी खेळत बसत. ती घरात होती म्हणून अलीकडे पाऊण तासाचा एक तास झाला होता, हे बबनरावांनाही ठाऊक होतं, पण त्या कोंबडीकडे ते शक्यतो बघत नसत. आता त्यांनी दादांची परवानगी मागितली. अगदी समोर उकिडवं बसून, "दादा, तुमची कोंबडी थोडे दिस परसात सोडू का?" दादा म्हणाले, "मीबी." मग दादाही परसात आले. बबनरावांनी शिवऱ्याहून काळा कोंबडा मागवला, कुंपणाला दुहेरी जाळी मारली आणि फाटकाला कुलूप लावलं.

पिल्लं फुटली त्या सकाळी त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. टोपलीत नऊ पिल्लं होती. नऊच्या नऊ राखी. दादा मोठ्यानं हसत होते. बबनराव एकेक पिल्लू उचलून, उलटंसुलटं बघून, खाली ठेवत होते. सगळी बघून झाली तरी पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले. मला वाटलं होतं, आज हा माणूस नाचेल. ते म्हणाले, "आता ह्यात माझं काय काम ऱ्हायलं, सर? काळा न् पांढरी एका जागी ठिवली की झालं. हे तर दादाबी करतील."

ते बोलून गेले आणि स्वतःच दादांकडे बघत राहिले.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर त्यांच्या छातीत दुखू लागलं. दळणाचा डबा घेऊन येताना ते वाटेत दोनदा बसले. मी दादांपाशी थांबलो आणि त्यांना भोरला दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी तपासून पुण्याला जाऊन शस्त्रक्रिया करायला सांगितली. आठ-दहा दिवस तिथं, मग घरी. बबनरावांनी कागद घडी करून खिशात घातला आणि मला सांगितलं, की जमणार नाही. मी म्हणालो, मी आहे, समोरच्या लीलाकाकू आहेत. ते म्हणाले, तुमी शाळेत जाणार, काकू रानात जाणार. दादांना कोंडून दहा दिवस जायचं तर त्यापेक्षा इथंच बसलेलं बरं.

"आन् मी मेलो तर?" हे मी नाही, तेच म्हणाले. "ह्याचा इचार रोज करतुया, सर. बावीस वर्सं. दादा आधी जावंत असं म्हणवत न्हाई, आन् मी आधी जावं असंबी म्हणवत न्हाई."

मग त्यांनी एक गोष्ट सुरू केली, जी मी अजून कुणाला करताना पाहिलेली नाही. ते भावाला एकटं राहायला शिकवू लागले. सगळं काम कोंबड्यांचं. सकाळी काळ्या कोंबड्याला पांढऱ्यांच्या खुराड्यात सोडायचं. दाणे दोन ओंजळी. पाण्याची लोखंडी पाटी भरायची. अंडी टोपलीत. रोज तेच, त्याच क्रमानं, दर वेळी "दादा, आता काय?" असं विचारून. चार महिने लागले. मग एक दिवस त्यांनी फाटकाचं कुलूप काढलं आणि दहा मिनिटं माझ्या ओट्यावर येऊन बसले. दादा बाहेर आले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात वीस मिनिटं. दर वेळी बबनरावांच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजलेली असायची. मे महिना उजाडेपर्यंत आम्ही दोन तासांवर आलो होतो.

त्या दिवशी रविवार होता. आम्ही ओट्यावर बसलो होतो आणि दादा फाटकातून बाहेर पडले. सरळ पाण्याच्या वाटेला लागले. मी उठलो. बबनरावांनी माझं मनगट धरलं. ते स्वतःही उठले, पण हाक मारली नाही. बाभळीच्या आडोशानं आम्ही मागे मागे गेलो. त्यांच्या छातीतला श्वास मला ऐकू येत होता. उन्हाळ्यानं पाणी मागे हटलं होतं, त्यामुळे दादांना भेगाळलेल्या गाळावरून बरंच चालावं लागलं. काठाशी ते थांबले. तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं, की त्यांच्या हातात कॅन होता. घरातला रांजण सकाळी भरायचा राहिला होता, आणि कोंबड्यांची पाटी कोरडी होती. त्यांनी वाकून कॅन बुडवला. भरला. मग उभे राहून पलीकडच्या काठाकडे बघत राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. बबनरावांची बोटं माझ्या मनगटात रुतली होती, पण पाय जागचे हलले नाहीत.

दादा वळले आणि कॅन सांभाळत घराकडे चालू लागले. आमच्या जवळून गेले तेव्हा बबनरावांना बघून म्हणाले, "पाणी न्हवतं."

"व्हय दादा," बबनराव म्हणाले. "माझं चुकलं."

दादा पुढे गेल्यावर ते गाळातच खाली बसले. रडले नाहीत. मघाशी माझं मनगट धरलं होतं तसेच आपले गुडघे धरून नुसते बसून राहिले.

पुढच्या महिन्यात ते पुण्याला गेले. अकरा दिवसांनी परत आले. त्या अकरा दिवसांत लीलाकाकू दोन वेळचं ताट पोचवत होत्या आणि मी सकाळ-संध्याकाळ चक्कर मारत होतो. दादांनी एकदाही पाण्याकडे जाऊन वेळ घालवला नाही. बबनराव कुठं गेले, असंही एकदा विचारलं नाही. परत आल्यावर त्यांनी मला पहिलं तेच विचारलं, आणि मी खरं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बरं झालं," म्हणाले. मग जरा वेळानं पुन्हा म्हणाले, "बरंच झालं."

त्यानंतरचे बबनराव मला ओळखू येईनात. जड उचलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. परसातलं सगळं दादा करत. खेपेमागून खेपा निळ्या निघत होत्या. लांबलांबून लोक बघायला येत आणि दादा टोपली पुढे करत. बबनराव खाटेवर बसून असत. कुठंही जायला मोकळे होते, पण गिरणीपर्यंत जाऊन पाऊण तासाच्या आत परत येत. गप्पांच्या मधेच पूर्वीसारखे उठत, "चला, झालं," म्हणत, दोन पावलं टाकत, आणि मग आपण कशाला उठलो ते न कळून तिथंच उभे राहत.

माझी बदली इंदापूरकडे झाली. सामान टेम्पोनं पुढे पाठवलं. निघायच्या सकाळी मी त्यांना म्हणालो, की चार दिवस माझ्याबरोबर चला, नवीन गाव बघून या. ते नाही म्हणतील, अशीच माझी समजूत होती. पण ते आत गेले, इस्त्रीचा सदरा घालून आले, पिशवीत टॉवेल घेतला. दादांना सांगितलं. दादा कामात होते.

भोरपर्यंतची वीस मिनिटं ते खिडकीशी बसून होते. स्टँडवर आम्ही चहा घेतला. माझी गाडी लागली. मी चढलो, जागा धरली, आणि त्यांना हाक मारली. ते खिडकीखाली आले.

"सर, तुमी व्हा फुडं."

"का हो? काय झालं?"

"काय न्हाई. पर तुमच्या गावाला येतुया ते तुमी म्हणला म्हणून. मला कुठं जायाचंय, ते आधी बघतो की."

मी काही बोलायच्या आत ते वळले. कंडक्टरनं बेल दिली. गाडी मागे येऊन वळण घेत होती, तेवढ्यात मला ते दिसले. पिशवी काखेत धरून, हात पाठीशी बांधून, ते फलाटांवरच्या गावांच्या पाट्या वाचत चालले होते. एका पाटीखाली थांबायचे, ओठ हलवत नाव वाचायचे, आणि पुढच्या पाटीकडे जायचे. शेवटच्या पाटीपर्यंत गेले. तिथं थोडा वेळ उभे राहिले. मग मागे फिरून पुन्हा पहिल्या पाटीपाशी आले आणि तिच्याकडे मान वर करून बघू लागले.